बॅटरी पळते कुठल्या दिशेला?

प्रोपेलरच्या तोलाविषयी या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढे ढकलतो आहे. कोल्हापूरच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न डोक्यातून जाईना. ते लिहितात की, त्यांच्या रिमोटवरच्या बोटीत बॅटरीखाली वेल्क्रोची चांगली रुंद पट्टी लावली आहे, हाताने ढकलली तर बॅटरी जागची हलत नाही, पण बोटीने पाण्यात नाक खुपसलं की हमखास सुटून झाकणावर आपटते. वेल्क्रो आणखी लावू का?

नका लावू. आधी जोर कुठून येतो ते पाहा.

चार सेलची, ५००० एमएएचची लायपो बॅटरी साधारण अर्धा किलो भरते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी बोट आठ मीटर त्रिज्येचं वळण घेते, तेव्हा ही बॅटरी सव्वा किलोच्या जोराने बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. एवढं वेल्क्रो आरामात सोसतो. पण तीच बोट ताशी ६० किलोमीटरला लाटेत घुसून अर्ध्या मीटरात थांबली, तर बॅटरी चौदा किलोच्या जोराने पुढे झेपावते. त्यात तिचं वजन वेल्क्रोच्या वर, निम्म्या उंचीवर एकवटलेलं, त्यामुळे ती पुढे घसरण्याआधी मागून उचलली जाते. वेल्क्रो घसरणं उत्तम रोखतो, पण एका कडेने सोलला जाऊ लागला की करकर करत सगळा निघतो. हाताने ढकलून केलेली परीक्षा म्हणूनच फसवी.

निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दूरनियंत्रित बोट चालवून दाखवली, तीही बॅटरीवरच. ती संथपणे हौदात फिरायची, तिथे बॅटरी स्वतःच्या वजनानेच जागेवर बसत असणार. आपल्या बोटी पाणी सोडून हवेत उडतात, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

माझ्या मते खरं काम अडसराचं आहे. बॅटरीच्या पुढच्या तोंडाशी, निदान तिच्या निम्म्या उंचीचा, प्लायवुडचा आडवा तुकडा बोटीच्या हलला, म्हणजे कवचाला, इपॉक्सीने पक्का करा. त्या चौदा किलोंचा धक्का त्याने घ्यायचा. मागून उचललं जाणं रोखायला एक पट्टा, बॅटरीच्या मागच्या एक तृतीयांश भागावरून. पट्टा हलला नुसता चिकटवू नका. तीन मिलिमीटर प्लायवुडची पाटी करा, तिला दोन खाचा पाडा आणि पट्टा पाटीखालून ओवून वर आणा. खाचांच्या कडा गोल घासा, नाहीतर पट्टा तिथेच विरतो. वेल्क्रो खाली राहू दे, वळणापुरता तो हवाच.

इपॉक्सी लावण्याआधी फायबरग्लासची आतली चकचकीत बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पांढुरकी होईपर्यंत घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हा टप्पा टाळला की पहिल्या दणक्यात पाटीसकट सगळं निघून येतं. प्लायवुडलाही इपॉक्सीचा पातळ हात द्या, पाणी प्यायलेलं प्लायवुड फुगून सुटतं.

अडसर पहिल्याच दिवशी मात्र चिकटवू नका. मोनो हलचा, म्हणजे एकाच तळाच्या बोटीचा, गुरुत्वमध्य मागच्या कडेपासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर ठेवून सुरुवात करतात, पण नेमकी जागा पाण्यावरच कळते. दोन किलोच्या बोटीत अर्ध्या किलोची बॅटरी दोन सेंटिमीटर सरकवली की गुरुत्वमध्य पाच मिलिमीटर सरकतो, आणि तेवढ्याने नाक उडवणारी बोट शहाण्यासारखी पळू लागते. तोवर अडसराच्या जागी घट्ट फोमचा ठोकळा बसवा, वेग बेताचा ठेवा आणि जागा ठरली की मार्करने रेघ मारा.

पत्रात त्यांनी आणखी एक विचारलं आहे : बॅटरीच्या चहूबाजूंनी फोम ठासून भरला तर? ते नको. लायपो धावताना तापते, ती ६० अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये, आणि फोम उष्णता कोंडून धरतो. शिवाय ती वापरासोबत थोडी फुगतेही. अडसर आणि बॅटरी यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरचा मऊ फोम पुरे, बाजू मोकळ्या ठेवा. पट्टाही बॅटरीचं आवरण दबेल इतका आवळायचा नाही. सगळं बसवून झालं की बोट गादीवर उलटी धरा, नाक खाली करून जोरात हिसका द्या. झाकण न लावता. बॅटरी रेघेवरून हलली, तर पट्टा आणखी मागे घ्या.