कुळागरातील तण आणि आपला द्रव्यसंग्रह

गोव्यातील फोंडा, सत्तरी, सांगे व काणकोण या तालुक्यांत झऱ्याच्या पाण्यावर जोपासलेली कुळागरे आहेत. माड, सुपारी, केळ व मिरीची वेल तेथे एकमेकांच्या सावलीत नांदतात. त्यांच्या पायथ्याशी पावसाळ्यात जे आपोआप उगवते, त्यास बागायतदार तण म्हणतो. आपण त्यातच भूम्यामलकी, भृंगराज व पाटाकाठची मंडूकपर्णी ओळखतो. कुळागरातील तण कसे काढले जाते, हा प्रश्न म्हणूनच वैद्य व औषधनिर्माते यांचाही आहे.

सुपारीची मुळे उथळ असतात. कुदळ चालविल्यास ती दुखावतात आणि उताराची माती पावसाने वाहून जाते. म्हणून तण विळ्याने कापून तेथेच आच्छादन म्हणून पसरणे, ही जुनी रीत शहाणपणाची होय. मजूर दुर्मिळ झाल्यावर तणनाशकाचा मोह होतो. ग्लायफोसेट पानांवाटे शिरून मुळापर्यंत पोहोचते, परंतु फवारणीनंतर काही दिवस वनस्पती हिरवीगारच दिसते. त्या अवधीत उपटलेली भूम्यामलकी पाहून भल्याभल्यांस शंका येणार नाही. 2022 च्या ऑक्टोबरात केंद्र शासनाने या रसायनाचा वापर कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

दुसरी बाब सहसा कोणी बोलत नाही. कोळेरोगासाठी सुपारीच्या घोसांवर बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्का मिश्रणात 100 लिटर पाण्यास 1 किलो मोरचूद व 1 किलो चुना असतो. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर आणि दुसरी सुमारे 40 ते 45 दिवसांनी होते. म्हणजे भूम्यामलकी भरात येत असतानाच वरून तुत्थ ठिबकते, आणि तेही अशोधित! हे मिश्रण चिकटून राहणारे असल्याने नुसत्या धुण्यावर विसंबू नये.

प्रयोगशाळेचा दाखला येथे अपुरा पडतो. नेहमीच्या जडधातू तपासणीत शिसे, पारद, सोमल व कॅडमियम पाहतात. ताम्र त्यात येत नाही. ग्लायफोसेटचीही वेगळी तपासणी सांगावी लागते. सुश्रुताने भूमिप्रविभागीय अध्यायात विषाने उपहत न झालेले द्रव्य घ्यावे असे सांगितले आहे. त्याचा आजचा अर्थ हाच, असे आम्हांस वाटते.

सर्वच तण राखावे असे आमचे म्हणणे नाही. रानमोडी फुलण्यापूर्वी समूळ काढलीच पाहिजे. मात्र औषधिनिर्मात्यांनी बागायतदाराशी पावसाळ्यापूर्वीच बोलणी करावी. सुपारीपासून दूर, केळीच्या अथवा माडाच्या बाजूचा तुकडा संग्रहासाठी राखून ठेवावा. तेथे काहीही फवारू नये, आणि काही रोपे बी पडेपर्यंत उभी ठेवावीत. प्रत्येक पोत्यासोबत फवारणीच्या तारखा लिहून घ्याव्यात. निंदणीची मजुरी भागेल इतका भाव मिळाल्यास बागायतदार विळा हाती घेईल. बाजारातील सर्वांत स्वस्त पोते मागणाऱ्यांनी ही अपेक्षा धरू नये.