मुलींची माध्यमिक शाळा : हुजूरपागेचा परिचय

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचें लक्ष साड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांकडे सहजच ओढलें जातें. त्याच गर्दींत मुलींची एक फार जुनी शाळा आहे, हें परगांवच्या पाहुण्याला मुद्दाम सांगावें लागतें. शाळेच्या अधिकृत नांवांत 'एच. एच. सी. पी.' अशीं चार आद्याक्षरें आहेत; परंतु तीं उच्चारून रिक्षावाल्याकडून शाळेपाशीं पोहोंचण्याची आशा कोणी धरूं नये. त्याला 'हुजूरपागा' एवढेंच सांगावें. हुजूर म्हणजे खुद्द पेशवे आणि पागा म्हणजे घोडे बांधण्याची जागा. पेशव्यांच्या खास पागेच्या जागेवर पुढें मुलींची शाळा उभी राहिली, आणि जागेचें नांव शाळेला चिकटलें तें आजतागायत.

चौथी संपवून पांचवींत जाणाऱ्या मुलीचे आईबाप दरवर्षीं अशा शाळांच्या दारांशीं चौकशीला येतात. निकाल किती टक्के लागतो, शुल्क किती, गणवेश कोणता, बस घरापासून मिळते किंवा नाहीं, हे त्यांचे ठरलेले प्रश्न असतात. ते चुकीचे नाहींत. तथापि माध्यमिक शाळा ही काय वस्तु आहे, आणि मुलींसाठीं ती निराळी कां काढावी लागली, हें ज्याला ठाऊक आहे त्याला याहून मोलाचे कांहीं प्रश्न सुचतील. म्हणून थोडें मागें जाणें अवश्य आहे.

मुलींच्या प्राथमिक शाळा पुण्याला नव्या नव्हत्या. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली ती १८४८ सालीं. मुंबईंत विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्रविषयक मंडळीनें १८४९ सालीं मुलींच्या शाळा सुरू केल्या. पुण्यांत १८७० सालीं स्त्री-शिक्षिका तयार करणारें ट्रेनिंग कॉलेजही निघालें. इकडे वरच्या टोकाला मुंबई विद्यापीठानें १८८३ सालीं आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या, आणि त्याच दशकांत कॉर्नेलिया सोराबजी ही पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून पदवीधर झाली. म्हणजे माडीचा दरवाजा उघडला होता व तळमजलाही बांधलेला होता. मधला जिना तेवढा नव्हता. अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी आणि थोडें वाचन झालें कीं मुलीचें शिक्षण थांबे. कॉलेजांत जाण्यासाठीं जी मॅट्रिकची परीक्षा द्यावी लागे, तिची तयारी करून घेणारी देशी मंडळींनीं चालविलेली मुलींची शाळा या भागांत नव्हती. कलकत्त्याची बेथून शाळा १८४९ सालची खरी, पण ती येथून फार दूर.

हा जिना बांधण्याचें काम १८८४ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटीनें अंगावर घेतलें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि शंकर पांडुरंग पंडित हीं तिच्या संस्थापकांतलीं ठळक नांवें. सर विल्यम वेडरबर्न यांनीं द्रव्यसाहाय्य केलें. १८८९ व १९१० सालीं राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले तेच हे वेडरबर्न. याच सुमारास पुण्यांत गव्हर्नर सर जेम्स फर्गसन यांच्यापुढें मुलींच्या हायस्कुलाची मागणी मांडणारी जाहीर सभा भरली, आणि तींत रमाबाई रानडे यांनीं इंग्रजींत भाषण वाचून दाखविलें. सभेंत टाळ्या पडल्या. घरीं मात्र वडीलधाऱ्या बायकांचीं बोलणीं खावीं लागलीं. रमाबाईंच्या आठवणींच्या पुस्तकांत ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेवली आहे. शाळेचा पाया असा एकाच दिवशीं दोन ठिकाणीं घातला गेला म्हणावयाचें : एक सभेंत आणि दुसरा स्वयंपाकघरांत. यांतला दुसरा अधिक अवघड होता.

अवघड कां, हें वयाचा हिशेब केला म्हणजे कळतें. माध्यमिक शिक्षणाचा काळ म्हणजे साधारण दहाव्या-अकराव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंतचा. त्या काळच्या पांढरपेशा घरांत मुलीचें लग्न होऊन ती सासरीं नांदावयास जाई, तो काळही नेमका हाच. संमतिवयाचा कायदा १८९१ सालीं झाला, तेव्हां वयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्यावरून सारा देश ढवळून निघाला. मुलीच्या विवाहाला चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा त्यानंतर अडतीस वर्षांनीं, १९२९ सालीं आला. आणि आजची अठरा वर्षांची मर्यादा १९७८ सालची. मुलांचें हायस्कूल काढणें ही पैशांची व शिक्षकांची बाब होती. मुलींचें हायस्कूल काढणें म्हणजे ज्या वर्षांवर सासर, माहेर आणि रूढि या तिघांनींही आधींच हक्क सांगितला होता, तीं वर्षें परत मागणें होतें.

म्हणूनच शाळेवर जी टीका झाली तिचा रोख पाहण्यासारखा आहे. लोकमान्य टिळकांनीं १८८७ सालीं या शाळेच्या शिक्षणक्रमावर हत्यार उपसलें. इंग्रजी, गणित, शास्त्र हे विषय मुलींच्या पुढील आयुष्याला जुळणारे नाहींत, हा एक आक्षेप होता. आणि शाळेची अकरा ते पांच ही वेळ घरकामाच्या आड येते, हा दुसरा. पहिल्या आक्षेपाला आगरकरांसारख्यांनीं दिलेलें उत्तर प्रसिद्धच आहे : मुलींना मुलांसारखेंच, किंबहुना मुलांच्या बरोबरीनें एकाच शाळेंत बसवून शिक्षण द्यावें, असें त्यांचें मत होतें. दुसरा आक्षेप वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो, पण वादाचें मर्म त्यांतच होतें. अकरा ते पांच म्हणजे दिवसाचा गाभा. घरांतील दळण, कांडण, निवडणें, पाणी भरणें, धाकट्या भावंडांना सांभाळणें हें सर्व याच वेळांत चाले. मुलगी हे सहा तास घराबाहेर राहिली तर तिच्या वांट्याचें काम कोणी करावयाचें? टीकाकारांनीं हा प्रश्न उघडपणें विचारला, हें एका अर्थीं बरेंच झालें. शाळा मुलीला पुस्तकें देते हें सर्वांना दिसतें. पण ती प्रथम तिला वेळ देते, आणि तो वेळ कोणाच्या तरी खात्यांतून काढून देते, हें त्या वादामुळें स्पष्ट झालें. शाळेनें गणित सोडलें नाहीं, इंग्रजीही सोडलें नाहीं.

या वेळेचें काय झालें, याचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. ब्रह्मदेशांत अभियंता म्हणून नोकरी करणाऱ्या करमरकर नांवाच्या गृहस्थांना १९०५ सालीं मुलगी झाली. तेथल्या इरावती नदीवरून तिचें नांव ठेवलें. सात वर्षांची झाल्यावर तिला शिक्षणासाठीं समुद्र ओलांडून पुण्याला पाठविलें, आणि ती हुजूरपागेच्या वसतिगृहांत राहूं लागली. सात वर्षांच्या मुलीला एवढ्या दूर ठेवणें आजच्या आईबापांनाही जड जाईल. त्या वेळीं तर पत्र पोहोंचावयालाच कित्येक दिवस लागत. वसतिगृहाची सोय नसती तर त्या मुलीचें शिक्षण कोठें व किती झालें असतें, हें सांगवत नाहीं. पुढें मानवशास्त्राच्या पंडिता म्हणून आणि 'युगान्त'च्या लेखिका म्हणून सर्वांना परिचित झालेल्या इरावती कर्वे त्या याच. कवयित्री शांता शेळके याही येथल्याच विद्यार्थिनी. अशीं नांवें सांगून शाळा मोठी ठरविण्याची रीत आहे. ती फारशी भरंवशाची नाहीं, कारण मोठीं माणसें कोठूनही निघतात. ज्या हजारों मुली येथें शिकून शिक्षिका, परिचारिका, कारकून किंवा नुसत्या आपल्या मुलांचा अभ्यास घेऊं शकणाऱ्या आया झाल्या, त्यांवरून शाळेचें मोल अधिक चांगलें कळतें. पण त्यांचीं नांवें कोणी छापीत नाहीं.

आतां पांचवींत येणाऱ्या मुलीसाठीं थोडेंसें. प्राथमिक शाळेंत बहुधा एकच बाई सर्व विषय शिकवितात. मुलगी त्यांच्या स्वभावाला सरावलेली असते. माध्यमिक शाळेंत घंटा झाली कीं शिक्षिका बदलते. गणिताच्या बाई निराळ्या, इतिहासाच्या निराळ्या, चित्रकलेच्या निराळ्या. पहिले दोन महिने यानें गोंधळ उडतो, वह्यांची अदलाबदल होते, वेळापत्रक घरीं विसरतें. त्यांत मुलीची हुशारी कमी झाली असें आईबापांनीं समजूं नये. पांचवीपासून हिंदीची भर पडते. आठवीपासून अनेक शाळांत संस्कृत घेतां येतें. दहावीच्या अखेरीस राज्य मंडळाची परीक्षा असते. ती सहाशे गुणांची : तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रें, प्रत्येकीं शंभर. पैकीं कांहीं गुण शाळेनेंच अंतर्गत द्यावयाचे असतात. हें सर्व जवळजवळ प्रत्येक शाळेंत सारखेंच आहे. त्यासाठीं या किंवा त्या शाळेची निवड करण्याचें कारण नाहीं. अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षणशुल्क पडत नाहीं, ही गोष्ट मात्र सुशिक्षित घरांतही पुष्कळांना ठाऊक नसते.

हुजूरपागेसारख्या शाळांपुढचा आजचा प्रश्न निराळा आहे, आणि त्यांत काळाचा थोडा विनोदही आहे. एके काळीं मुलींना इंग्रजी शिकविते म्हणून या शाळेला दोष दिला गेला. आज शाळेचें माध्यम मराठी आहे म्हणून तिच्याच माजी विद्यार्थिनी आपल्या नातींना दुसरीकडे घालतात. महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय शिकविला जातो, आणि अनेक मराठी शाळांतून गणित व विज्ञान हे विषय इंग्रजींत घेण्याची सोय आहे. तेव्हां मराठी माध्यम म्हणजे इंग्रजीवांचून राहणें, ही समजूत सोडावयास हरकत नाहीं. मुलीला ज्या भाषेंत शंका विचारण्याचें धैर्य होतें, त्या भाषेंत तिनें शिकावें हें इष्ट; ती भाषा प्रत्येक घरीं मराठीच असेल असें नाहीं, आणि तसें असल्यास आईबापांनीं हट्ट धरूं नये. परंतु घरीं मराठी बोलणाऱ्या मुलीला केवळ शेजाऱ्यांच्या धाकानें तिकडे ढकलणें ठीक नव्हे.

केवळ मुलींची शाळा असावी कीं मिश्र, हाही प्रश्न विचारला जातो. आगरकरांचें मत वर आलेंच आहे, आणि तत्त्वतः तेंच खरें. तथापि मुलींच्या शाळेंत एक गोष्ट आपोआप घडते : प्रयोगशाळेंतील उपकरण हातांत घेणारी मुलगीच असते, संघाची नायक मुलगीच असते, फळ्यावर चुकणारीही मुलगीच असते आणि तिला हसणारे मुलगे वर्गांत नसतात. पुढें नसण्याचें कारण तेथें उरत नाहीं. भित्र्या स्वभावाच्या मुलीला याचा लाभ मोठा आहे. जी मुळांतच धीट आहे तिला कोणतीही शाळा चालेल.

चौकशीस जाणाऱ्यांनीं निकालाचा तक्ता अवश्य पाहावा, पण तेवढ्यावर परतूं नये. ग्रंथालयाच्या नोंदवहींत मुलींच्या नांवावर पुस्तकें जातात किंवा नाहीं, प्रयोगशाळेंतील बाटल्यांवर धूळ आहे कीं हाताच्या खुणा, मधल्या सुटींत मैदान भरलेलें असतें कीं रिकामें, हें पाहावें. शनिवारची भेट टाळावी; त्या दिवशीं बहुतेक ठिकाणीं शाळा अर्धाच दिवस असते आणि कांहींच कळत नाहीं.

आणि घरींही एक हिशेब करावा. आजची मुलगी दळण-कांडण करीत नाहीं. परंतु शाळेच्या आधीं एक शिकवणी, शाळेनंतर दुसरी, रविवारीं स्पर्धापरीक्षेचा वर्ग, आणि भावाला अभ्यास आहे म्हणून चहाचे पेले तिनेंच विसळावयाचे, असा दिवस असल्यास १८८७ सालचा वाद त्या घरांत अजून संपलेला नाहीं असें समजावें. शिकवणीचे तास मांडून झाल्यावर मुलीला स्वतःसाठीं किती वेळ उरतो, तें कागदावर लिहून पाहावें. तो दिवसाला एक तासही भरत नसेल, तर शाळा बदलण्याआधीं शिकवणी बंद करून पाहावी.

प्रवेशाच्या वेळीं जुन्या शाळेचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा आणि मागील वर्षाचें प्रगतिपुस्तक बरोबर असूं द्यावें. मुलीलाही न्यावें. पुष्कळ घरांतून एकटे वडीलच जाऊन अर्ज भरून येतात, आणि ज्या इमारतींत सहा वर्षें काढावयाचीं ती मुलगी पहिल्याच दिवशीं प्रथम पाहते.