जुन्या गाडीच्या पुढच्या चाकातून खट्खट् येतंय? आधी शॉकअपचं माउंटिंग तपासा
सेकंडहँड गाडी घेतलेल्यांसाठी माहिती : बिघाड कसा ओळखायचा, पार्ट कोणता घ्यायचा, बसवताना जीव कुठं धोक्यात येतो

तालुका प्रतिनिधी

आपल्या भागात आता घरटी नाही म्हटलं तरी गल्लीत चार-पाच चारचाकी झाल्यात. त्यातल्या बऱ्याच सेकंडहँड. पुण्या-मुंबईत दहा-बारा वर्षं पळालेली अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, सँट्रो नाहीतर इंडिका लाख-दीड लाखात मिळते आणि गावाला येते. पेशंट न्यायचा तीच, पोरीला परीक्षेला सोडायची तीच, बाजाराला तीच. वर्ष-सहा महिने गेले की पुढच्या चाकातून आवाज चालू होतो. खड्ड्यात गेली की ठक्क, स्टेअरिंग वळवलं की कट्कट्.

मग एक मेकॅनिक सांगतो शॉकअप गेलेत, दुसरा सांगतो स्टेअरिंगचा रॅक गेला, तिसरा म्हणतो चालतंय, चालू द्या. पाच-सात हजार घालूनही आवाज तसाच, असं कितीतरी जणांचं झालंय. अशा वेळी दोष पुष्कळदा एका छोट्या पार्टात असतो. त्याला गॅरेजमध्ये शॉकअपचं माउंटिंग किंवा स्ट्रट माउंट म्हणतात. हा पार्ट काय आहे ते नीट समजून घेऊ.

माउंटिंग म्हणजे काय?

बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे जी शॉकअपची पद्धत असते तिला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात ती तयार केली. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ला पुढे हीच पद्धत होती आणि आजच्या स्विफ्टलाही हीच आहे. यात शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच उभा खांब असतो. खांबाचं खालचं टोक चाकाच्या हबला दोन बोल्टांनी धरलेलं असतं. वरचं टोक गाडीच्या बॉडीला धरलेलं असतं, आणि तिथं मध्ये बसतं ते माउंटिंग.

बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना चाकाच्या वर गोल टोपीसारखा उंचवटा दिसतो. त्याच्यावर दोन किंवा तीन नट असतात आणि मधोमध एक नट. माउंटिंग त्याच्याच खाली असतं. त्यात लोखंडी पत्रा, त्याला चिकटवलेलं जाड रबर आणि एक बेरिंग असतं.

रबराचं काम खड्ड्याचा दणका बॉडीपर्यंत जाऊ न देणं. बेरिंगचं काम वेगळं. स्टेअरिंग वळवलं की चाकाबरोबर अख्खा खांब स्प्रिंगसकट फिरतो. जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते तसं. खुंटा घासला की जातं अडखळतं, तसंच बेरिंग गेलं की स्टेअरिंग अडखळतं.

टाटा एसला, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीला, आणि जुन्या कमांडर जीपला पुढे पाटे असतात. त्या गाड्यांना हे लागू नाही.

आपल्याकडे हा पार्ट लवकर का जातो?

एक म्हणजे रस्ते. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याला पडलेले खड्डे आणि गावोगावी कसेही टाकलेले गतिरोधक. प्रत्येक दणका आधी टायरला, मग स्प्रिंगला आणि शेवटी या रबराला बसतो. दुसरं म्हणजे धूळ आणि पाणी. बेरिंगमध्ये बारीक माती गेली की ग्रीस कोरडं पडतं आणि गंज धरतो. तिसरं म्हणजे वय. गाडी नुसती उभी राहिली तरी रबर कडक होतं, चिरतं आणि पत्र्यापासून सुटतं. दहा-बारा वर्षांच्या गाडीत मूळचंच माउंटिंग असेल तर ते थकलेलं असणारच. चौथं म्हणजे पाच जणांच्या गाडीत आठ जण आणि वर दोन पोती. हे सांगायची गरज नाही.

बिघाड कसा ओळखायचा?

ही तपासणी कुणालाही करता येते. गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा.

१) एकाने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायचं. दुसऱ्याने बॉनेट उघडून उंचवट्यावरच्या नटाजवळ तळहात टेकवायचा. बेरिंग चांगलं असेल तर काही जाणवत नाही. खराब असेल तर हाताला झटके लागतात, कुरकुर होते. पंखा आणि बेल्टपासून हात, उपरणं, ओढणी लांब ठेवा.

२) तेव्हाच स्प्रिंगकडे लांबून बघा. ती सलग फिरते की थोडी अडून पीळ खाते आणि मग टण् करून सुटते? पीळ खाऊन सुटत असेल तर बेरिंग जाम झालंय. स्प्रिंगच्या वेढ्यात बोट घालून बघू नका.

३) गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडा. मधला नट वर-खाली उडताना दिसला किंवा ठक्क आवाज आला तर रबर सुटलंय. थोडी फट काही गाड्यांत कंपनीकडूनच असते, म्हणून डावी-उजवी बाजू एकमेकांशी ताडून बघा.

४) चालवताना वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नसेल, हातानं ओढून आणावं लागत असेल, तर तीही एक खूण आहे.

पण खट्खट् म्हणजे माउंटिंगच, असं धरून चालू नका. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड यांचाही आवाज तसाच येतो. यातला बॉल जॉइंट सगळ्यात धोक्याचा. तो निसटला तर चालत्या गाडीचं चाक आडवं होतं. म्हणून मेकॅनिकला सांगा, "गाडी जॅकवर घेऊन पाचही ठिकाणं हलवून दाखवा, मग पार्ट लिहून द्या." चांगला मेकॅनिक याला नाही म्हणत नाही.

पार्ट कोणता घ्यायचा?

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. कंपनीच्या डब्यातला, नावाजलेल्या पार्टवाल्या कंपनीचा, आणि बिननावाचा लोकल. पहिला महाग पडतो, पण माप चुकत नाही. दुसरा घ्यायला हरकत नाही, कारण बाहेरच्या चांगल्या कंपन्यांचं रबरही टिकतं. तिसऱ्यात पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण सहा महिन्यांत रबर पत्र्यापासून सुटलं की मजुरी परत द्यावी लागते. या कामात पार्टाइतकीच मजुरी जाते, हे लक्षात ठेवा.

दुकानात जाताना आरसी बुकाचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे आणि पेट्रोल-डिझेलप्रमाणे माउंटिंग बदलतं. जुना पार्ट सोबत नेता आला तर उत्तम. बोल्टांचं अंतर, उंची आणि मधलं भोक ताडून बघा. बेरिंग बोटानं फिरवा, ते सरसर फिरलं पाहिजे, अडकता कामा नये. रबर आणि पत्रा यांच्या जोडाला नखानं उचकटून बघा. बेरिंग वेगळं मिळत असेल तर माउंटिंगसोबत तेही नवं घ्या. पक्कं बिल घ्या.

दोन्ही बाजूंचं एकदमच बदला. एक नवं आणि एक जुनं ठेवलं तर गाडी एका बाजूला ओढू शकते, आणि दुसरं तसंही लवकरच जाणार असतं.

मोबाईलवर स्पोर्ट्स गाड्यांचे व्हिडिओ बघून काही पोरं रबराऐवजी ॲल्युमिनियमच्या प्लेटचं माउंटिंग शोधतात. ट्रॅकवर पळवायच्या गाडीत त्याचा उपयोग असतो. स्टेअरिंगला नेमकेपणा येतो आणि चाकाचा तिरकेपणा कमी-जास्त करता येतो. पण त्यात रबर जवळजवळ नसतंच, त्यामुळे प्रत्येक दणका थेट बॉडीच्या पत्र्यात जातो. ट्रॅक सपाट असतो, आपला पाणंद रस्ता तसा नाही. जुन्या, आतून गंजलेल्या गाडीचा उंचवट्याचा पत्रा असल्या माऱ्यानं चिरू शकतो. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत मनानं बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार बंधनं आहेत. मूळ मापाचा पार्ट बदलण्यात अशी अडचण येत नाही.

काम कसं होतं? आणि धोका नेमका कुठं?

खालचं वाचून घरी करायला घेऊ नका. गॅरेजमध्ये उभं राहून काम बरोबर चाललंय का, हे कळावं म्हणून क्रम देतोय.

गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट जमिनीवर असतानाच ढिले करायचे. मग जॅक लावून गाडी स्टँडवर घ्यायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली हात घालायचा नाही. चाक काढल्यावर ब्रेकचा पाइप आणि लिंक रॉड स्ट्रटला जोडलेले असतील तर सोडवायचे. खालचे दोन बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर खूण करायची, म्हणजे परत बसवताना चाकाचा कोन फार बिघडत नाही. हबला खालून आधार द्यायचा, नाहीतर सगळं वजन ब्रेकच्या पाइपवर लटकतं. शेवटी बॉनेटमधले बाहेरचे दोन-तीन नट काढले की पूर्ण खांब खाली हातात येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मधला नट अजून उघडायचा नाही. बाहेर काढलेल्या खांबातही स्प्रिंग दाबलेलीच असते आणि तिला धरून ठेवणारा हा एकच नट असतो. गाडीवर असताना अशी एक स्प्रिंग दोनशे किलोच्या आसपास वजन पेलते, म्हणजे खताची ५० किलोची चार पोती. ती मोकळी सुटली तर वरचा पत्रा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. बोट जाऊ शकतं, डोळा जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसर नावाचं हत्यार लागतं. दोन लांब बोल्ट, त्यांना आकडे. स्प्रिंगच्या समोरासमोर लावून दोन्ही थोडे-थोडे, सारखेच आवळायचे. स्प्रिंग तिच्या वाटीतून मोकळी हलायला लागली की मगच मधला नट खोलायचा. दोरीनं, तारेनं किंवा साखळीनं स्प्रिंग बांधून, पायाखाली धरून नट खोलणारे आजही दिसतात. तुमच्या मेकॅनिककडे कॉम्प्रेसर नसेल तर गाडी उचलून दुसरीकडे न्या. तिथं काम करणारं पोरगं कुणाचं तरी पोरगंच असतं.

नट खोलताना शॉकअपचा चकचकीत दांडा पकडीनं धरू देऊ नका. त्यावर ओरखडा पडला की तो ऑइल सील कापतो आणि चांगला शॉकअप गळायला लागतो. दांड्याच्या टोकाला पाना लावायची जागा दिलेली असते. खांब उघडलाच आहे तर शॉकअपला तेल लागलंय का, आतलं जंपिंग रबर आणि धुळीचं कव्हर फाटलंय का, हेही बघून घ्या. बदलायचंच असेल तर आत्ताच, म्हणजे मजुरी एकदाच लागेल. उंचवट्याच्या पत्र्याला आतून गंज किंवा चीर आहे का, तेही याच वेळी दिसतं.

बसवताना बेरिंगची वरची-खालची बाजू उलटी होत नाही ना, स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेत बसलंय ना, हे बघायचं. माउंटिंगवर बाण किंवा डावं-उजवं लिहिलेलं असेल तर ते पाळायचं. मधला नट पूर्ण आवळल्यावरच कॉम्प्रेसर सोडायचा, तोही दोन्ही बाजूंनी सारखा. सगळे नट शेवटी टॉर्क रेंचनं आवळलेले चांगले, कारण प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो. कमी आवळलेला नट सुटतो, जास्त आवळलेला आटा मारतो.

काम झाल्यावर

गाडी चार-पाच किलोमीटर हळू चालवून बघा. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या. तालुक्याच्या गावी टायरच्या दुकानात ते होतं. खालचे बोल्ट एकदा खोलले की चाकाचा कोन थोडा तरी हलतो, आणि तसंच चालवलं तर टायर एका कडेनं खाऊन निघतो. नव्या दोन टायरांच्या पैशापुढे अलाइनमेंटचा खर्च काहीच नाही. आठ-पंधरा दिवसांनी वरचे नट पुन्हा एकदा तपासून घ्या.

जुने काढलेले पार्ट मेकॅनिककडून मागून घ्या. बदलले की नुसते पुसून परत बसवले, ते त्यावरून कळतं. आणि जुनी गाडी घ्यायला जाणार असाल तर सौदा ठरायच्या आधी बॉनेट उघडा, कुणाला तरी स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि उंचवट्यावर हात ठेवा. झटका लागला तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागा.