औषध, बाजार आणि सरकार (लेखांक ६) : बाटलीत काय आहे ते कोण पाहणार?

बुऱ्हाणपूरच्या कापडबाजारात गिऱ्हाईक तागा चिमटीत धरते, सूत पाहते आणि मग भावाची घासाघीस सुरू होते. दोघांनाही माल कळतो. या व्यवहारात सरकारने मध्ये का यावे, असे खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते विचारतात, आणि कापडापुरते त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. खोकल्याच्या औषधाची बाटली मात्र कितीही हलवून पाहिली तरी आत काय आहे ते कळत नाही. मागच्या लेखांकात आपण किमतीबद्दल बोललो. आजचा विषय गुणवत्तेचा.

आधी खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा मुद्दा नीट ऐकून घेऊ, कारण आपल्याकडे तो न ऐकताच खोडून काढण्याची पद्धत आहे. ते म्हणत, औषधाला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याची अवस्था पाहा. त्याने घातक औषध मंजूर केले तर त्याचे नाव वर्तमानपत्रात येते. त्याने चांगले औषध पाच वर्षे अडवून ठेवले, तर त्या काळात मेलेल्या रोग्यांचे नातेवाईक त्याच्या दारात येत नाहीत, कारण आपला माणूस कशाअभावी गेला हे त्यांना ठाऊकच नसते. त्यामुळे अधिकारी अडवण्याकडे झुकणारच. गर्भवतींनी घेतल्यामुळे व्यंग असलेली मुले जन्मली, त्या थॅलिडोमाइड या औषधाच्या हाहाकारानंतर अमेरिकेने १९६२ मध्ये कायदा कडक केला. त्यानंतर बाजारात येणाऱ्या नव्या औषधांची संख्या बरीच घटली, असे अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७३ मध्ये मांडले. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेतकरी नेते शरद जोशींच्या सभा ऐकलेल्या पिढीला तर तो ओळखीचाच वाटेल. परवाना म्हटला की हप्ता आलाच, हे त्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही.

मग सरकार नको तर राखण कोणी करायची? उत्तर असे: कंपनीची पत आणि कोर्टाची भीती. बुऱ्हाणपुरात युनानी वैद्यकाची जुनी परंपरा आहे, तिथे युनानी तिब्बिया कॉलेजही आहे. मोहल्ल्यातल्या हकीमसाहेबांचे औषध बाधले तर संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा होतो. तिथे पत हीच तपासणी. पण बाटली हजारभर किलोमीटरवरून, कधी नाव न ऐकलेल्या कारखान्यातून आली असेल तर?

याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये याचे उत्तर मिळाले. सर्दी-खोकला झालेल्या लहान मुलांची लघवी बंद होऊ लागली. मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना नागपूरला हलवले, तरी वीसहून अधिक मुले दगावली. औषध होते ‘कोल्ड्रिफ’, कारखाना तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात. मध्य प्रदेशात सुरुवातीला तपासलेल्या नमुन्यांत काही सापडले नाही, तसे आश्वासनही देऊन झाले. तमिळनाडूने कारखान्यातूनच एसआर-१३ या बॅचचा नमुना उचलला, तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली ब्रेक ऑइल आणि अँटिफ्रीझमध्ये वापरतात त्या रसायनाची. ते चवीला गोड असते. मूल तोंड वाकडे न करता पिते.

खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता इथे म्हणेल, पाहा, कारखान्याला परवाना होता, दुकानाला परवाना होता, डॉक्टरकडे पदवी होती. तुमच्या सरकारी शिक्क्याने काय केले? लोकांना खोटा भरवसा तेवढा दिला. हे त्याचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्याच्या पुढच्या वाक्यावर मात्र माझा विश्वास नाही, की शिक्का काढला तर पत आणि कोर्ट ते काम करतील. याच रसायनाने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभरहून अधिक जीव घेतले. तेव्हा औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवण्याची सक्ती नव्हती. औषध जप्त करता आले ते केवळ त्याच्या नावात ‘एलिक्सिर’ असूनही आत अल्कोहोल नव्हते म्हणून! लेबल चुकीचे, एवढाच गुन्हा. पुढच्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला.

आपल्याकडे १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण गेले. विष तेच. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांची लक्तरे वेशीवर टांगली आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. बाजार आणि सरकार एकमेकांच्या खिशात हात घालून कसे उभे असतात, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तो अहवाल वाचावा. त्यानंतर चार दशके गेली.

संतापजनक गोष्ट पुढेच आहे. गांबियात २०२२ मध्ये भारतीय सिरपशी जोडलेले सुमारे ७० बालमृत्यू झाले, देशाची नाचक्की झाली, आणि १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधाला सरकारी प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. परदेशी गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून. परासियाला जाणाऱ्या बाटलीला ती सक्ती नव्हती. उलट १९४५ च्या औषध नियमांतल्या ‘के’ परिशिष्टात हजारापर्यंत वस्तीच्या गावात खोकल्याचे औषध विक्री-परवान्याशिवाय विकण्याची मुभा होती. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार, धूळकोटकडच्या लहान पाड्यांवर किराणा दुकानदाराला ते ठेवता यावे, हा हेतू चांगला होता. पण मुभा विकणाऱ्याला दिली आणि बाटली कारखान्यातच तपासली जाईल हे गृहीत धरले. तिथे तर ती तपासलीच जात नव्हती.

म्हणून माझे मत या लेखमालेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांना रुचणार नाही. २०१३ चा औषध किंमत आदेश घ्या. एक टक्का किंवा अधिक बाजारहिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची, त्यात दुकानदाराचे १६ टक्के घालायचे, की कमाल किंमत ठरली. या हिशेबावर सरकार केवढी शक्ती खर्च करते! किंमत पाडण्याचे काम बाजार एरवीही बऱ्यापैकी करू शकतो, पण त्याला एक अट लागते: स्वस्त बाटलीही तितकीच खरी आहे, असा भरवसा. तो नसेल तर अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवले तेच होते. चांगल्या-वाईटाची पारख नसलेल्या बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावतो. मग बुऱ्हाणपूरचा रिक्षावाला जनऔषधी केंद्र ओलांडून पुढच्या मेडिकलमधून तेच औषध महाग ब्रँडमध्ये घेतो. आपण त्याला अडाणी म्हणतो. तो ब्रँडचे जादा पैसे मोजतो, ते सरकारने न केलेल्या तपासणीचे.

नमुना उचलणारा निरीक्षक आणि वेळेवर अहवाल देणारी प्रयोगशाळा, हा खुल्या बाजाराचाच पाया आहे. फ्रीडमनवाद्यांनी त्यासाठी आंदोलन करायला हवे होते.

पुढच्या आठवड्यात १९७० चा पेटंट कायदा. त्यावर खुल्या बाजारवाल्यांतच दोन तट आहेत, आणि दोघांचेही दावे ऐकण्यासारखे आहेत.