तीस शब्दांची इंग्रजी मोजणी

घरांत शिकलेलीं माणसें पुष्कळ असलीं म्हणजे रोजचा व्यवहार कोठें अडत नाहीं, अशी आपली समजूत असते. ती किती फोल आहे हें गेल्या चैत्रांत आमच्याच घरीं प्रत्ययास आलें. माझ्या ज्येष्ठ वहिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. डोळ्यांच्या तपासणीसाठीं त्यांना एका दवाखान्यांत नेलें होतें. सोबतीस आमची आठ वर्षांची नात होती. दोघींना बांकावर बसवून मी बाजारांत गेलों. क्रमांकाची चिठ्ठी वाचून वहिनींनीं ती बटव्यांत ठेवली व नातीस बजावलें, "बाय, आपला नंबर छप्पन्न हो. पुकारला कीं मला सांग." नातीनें मान डोलावली.

दोन तासांनीं परत येतों तों दोघीही तेथेंच बसलेल्या! छप्पन्न क्रमांक केव्हांच पुकारून झाला होता. पण तो पुकारला होता "फिफ्टी-सिक्स" असा. वहिनींना तो कळला नाहीं. नात इंग्रजी शाळेंत जाते. तिनें तो स्पष्ट ऐकला, पण छप्पन्न म्हणजेच फिफ्टी-सिक्स हें तिला ठाऊक नव्हतें, आणि विचारण्यास ती लाजली. तपासणी पंधरा दिवस पुढें गेली.

वाटेंत कोणीच कांहीं बोललें नाहीं. चूक त्या दोघींची नव्हती. जन्मभर परक्यांच्या मुलांकडून पाढे घोकून घेणाऱ्या मला, माझ्याच घरांत एका आंकड्याचीं दोन नांवें एकमेकांस अनोळखी आहेत याचा पत्ता नव्हता. त्याच संध्याकाळीं ओटीवर पाटी घेऊन बसलों आणि दोघींना समोर बसविलें. त्या शिकवणीचा सारांश येथें देतों. अशी अडचण आज अनेक घरीं असेल.

वहिनी प्रथमच म्हणाल्या, "भावोजी, आतां या वयांत शंभर नवे शब्द कसे पाठ व्हायचे?" मीं सांगितलें कीं, शंभर नव्हेत, तीस पुरेत. शून्यास 'झीरो' आणि 'वन'पासून 'ट्वेल्व्ह'पर्यंत बारा मिळून तेरा शब्द झाले. 'थर्टीन'पासून 'नाइन्टीन'पर्यंत सात, आणि 'ट्वेंटी'पासून 'नाइन्टी'पर्यंत दशकांचीं नांवें आठ. त्यांत 'हंड्रेड' व 'थाउजंड' मिळविले कीं तीस पुरे होतात. मराठींत मात्र शंभरापर्यंतच्या बहुतेक प्रत्येक संख्येचें रूप निराळें आहे व तें निराळेंच पाठ करावें लागतें. म्हणजे वहिनींनीं लहानपणीं जें कष्टाचें काम केलें होतें, त्याच्या मानानें हें अगदींच हलकें होतें.

पहिले बारा शब्द पाठच करावेत. 'इलेव्हन' व 'ट्वेल्व्ह' यांचा मूळ अर्थ दहा मोजून 'एक उरला' व 'दोन उरले' असा आहे. तो सांगितल्यास ते ध्यानांत राहतात. 'झीरो' तर आपल्याच घरचा. आपल्या 'शून्या'चें अरबांनीं 'सिफ्र' असें भाषांतर केलें, आणि त्यापासून इटलीमार्गें हा शब्द इंग्रजींत पोंचला.

पुढची पायरी 'टीन' आणि 'टी' यांची. 'थर्टीन' म्हणजे तेरा व 'थर्टी' म्हणजे तीस. नवशिक्यांचे कान येथें हमखास फसतात. 'टीन' लांबवून उच्चारतात व 'टी' आंखूड, हें घोळवून घ्यावें. थ्री व फाइव्ह यांचीं रूपें 'थर्टीन', 'फिफ्टीन' अशीं पालटतात, तींही ध्यानांत ठेवावीं. लिहितांना 'फोर'मधील यू हें अक्षर 'फोर्टीन'मध्यें राहतें, पण 'फोर्टी'मध्यें गळतें.

खरी गोम विसाच्या पुढें आहे. आपण 'बत्तीस' म्हणतों, त्यांत दोन आधीं व तीस मागून येतात. इंग्रजींत 'थर्टी-टू', म्हणजे तीस आधीं व दोन मागून. त्यामुळें मराठी ऐकून लिहिणारें मूल ३२ ऐवजीं २३ लिहितें. याहून बिकट 'एकोण'चा प्रकार. 'एकोणतीस' ऐकतांच मुलाच्या कानीं तीस पडतात, आणि इंग्रजींत तर 'ट्वेंटी-नाइन' म्हणावयाचें असतें. संस्कृतांत 'ऊन' म्हणजे कमी. एकानें कमी तीस तें एकोणतीस. एवढें उलगडून सांगितल्यावर नातीचा चेहरा खुलला. "म्हणजे एकोणपन्नास म्हणजे फिफ्टी मायनस वन!" ती ओरडली. मला तेवढेंच पाहिजे होतें.

आपला क्रम उलटा म्हणून त्यास कोणीं हिणवूं नये. 'षट्पञ्चाशत्' यांत सहा प्रथम व पन्नास मागून आहेत, आणि आपलें 'छप्पन्न' त्याचेंच अपत्य. जर्मन लोक आजही 'चार आणि वीस' असेंच म्हणतात. खुद्द इंग्रजींतही पूर्वी तशी रीत होती. उलट आपल्या शेजारची कानडी 'इप्पत्तोंदु' म्हणते, म्हणजे वीस आणि एक. लिहावयाचे अंक मात्र सर्वांचे एकच. ते आपल्या देशांत जन्मले, अरबांकडून पश्चिमेस गेले, आणि १२०२ सालीं पिसाच्या लिओनार्दोनें आपल्या ग्रंथानें युरोपास त्यांची रीत समजावून दिली.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'सत्तावीस' या वाचनाबरोबर 'वीस सात' असेंही वाचन आलें, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा गदारोळ उठला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचें म्हणणें असें होतें कीं, जोडाक्षरी व उलट्या क्रमाच्या संख्यानामांनीं मुलें अडखळतात. त्यांना ही रीत सोपी पडेल. त्या वेळीं मीही तावातावानें विरोधच केला होता. पण त्या संध्याकाळीं पाटीवर ५६ लिहून दोघींमध्यें दुवा जोडावयाची वेळ आली, तेव्हां माझ्या तोंडून आपसूक निघालें, "छप्पन्न, म्हणजे पन्नास सहा, म्हणजे फिफ्टी-सिक्स." वहिनींना इंग्रजी कळलें आणि नातीला मराठी. ज्या शिडीस मीं नांवें ठेविलीं होतीं तिच्यावरूनच दोघी वर चढल्या. मात्र शिडी म्हणजे माडी नव्हे. 'पन्नास सहा'वर थांबलेलें मूल बाजारांत व आजीच्या गोष्टींत परकेंच राहील. तेव्हां चढून झाल्यावर 'छप्पन्न' म्हणावयास लावलेंच पाहिजे.

मोठ्या संख्यांत एक सावधगिरी ठेवावी. आपल्याकडील इंग्रजींत लाख व कोटी चालतात, पण परदेशीं 'मिलियन' म्हणजे दहा लाख व हल्लींच्या रूढीप्रमाणें 'बिलियन' म्हणजे शंभर कोटी. आपण १०,००,००० असा स्वल्पविराम देतों, ते १,०००,००० असा देतात. घड्याळाचें तर वहिनींना लवकर साधलें. 'हाफ पास्ट फोर' म्हणजे साडेचार व 'क्वार्टर टु फाइव्ह' म्हणजे पावणेपांच, कारण पाव, पाऊण, साडे यांचा हिशेब त्यांच्या जिभेवरच होता. फोनचा नंबर सांगतांना एकेक अंक सुटा म्हणावा, आणि तोच अंक लागोपाठ दोनदां आल्यास 'डबल' म्हणावें.

सरावास आमच्या जामसंड्यांत त्या दिवसांत निराळें साधन शोधावें लागलें नाहीं. हापूसची पेटी भरतांना वहिनी इंग्रजींत मोजीत व नात मराठींत. चुकेल त्यानें पहिल्यापासून पुन्हां मोजावयाचें. रोज पाव तास, असें दोन आठवडे चाललें. नात साठाच्या पुढें घसरे, वहिनी 'थर्टीन-थर्टी'शीं. 'डझन' मात्र दोघींचाही सामाईक निघाला.

पंधरा दिवसांनीं पुन्हां त्याच बांकावर बसलों. या खेपेस मी बाजारांत गेलों नाहीं. चिठ्ठी होती ३८ ची. "थर्टी-एट" असा पुकारा होतांच नात वळून म्हणाली, "मोठी आजी, अडतीस! आपला!" पण वहिनी तोंवर बटवा सांवरून उठल्याही होत्या.