ओल्या वाळूची पट्टी

कास्तिल्योने देल्ला पेस्काया (तोस्काना), ऑगस्ट

इथल्या वाळूत तंबूच्या खुंट्या ठरत नाहीत. वर पाइनच्या सुयांचा थर, खाली भुसभुशीत वाळू. खुंटी ठोकली की पुन्हा वर येते. शेजारच्या तंबूतल्या आजीबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग हातभर लांब खुंट्या घेऊन आल्या आणि त्या तिरक्या कशा मारायच्या ते नवऱ्याला दाखवून गेल्या. आम्हा दोघांचा समुद्राकाठचा आठवडा असा सुरू झाला.

इटलीत किनाऱ्यावर वाटेल तिथे तंबू टाकता येत नाही. 'काम्पेज्जो'त, म्हणजे परवाना असलेल्या छावणीत, जागा घ्यावी लागते. आल्या आल्या पासपोर्ट द्यायचे, कारण पाहुण्यांची नावं पोलिसांना कळवणं मालकावर बंधनकारक आहे. दुपारी दोन-अडीच तास गाड्या बंद, आवाज बंद. फक्त झाडांवर सिकाडांची किरकिर.

ही झाडं छत्रीसारखी, वरून पसरलेली. त्यांच्या सावलीत पडल्यावर खरं वाटत नाही, पण एकेकाळी या मारेम्मा भागाच्या नावानेच लोकांना कापरं भरे. सगळीकडे दलदल आणि हिवताप. 'मलेरिया' हा शब्दच इटालियन आहे: 'माला आरिया', वाईट हवा. तो डासांमुळे होतो याचा पुरावा रोनाल्ड रॉसला १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादेत मिळाला आणि पुढच्याच वर्षी माणसाला मलेरिया अ‍ॅनोफिलीस डास देतो हे इटालियन शास्त्रज्ञ ग्रासीने रोममध्ये दाखवलं. दलदली उपसण्याचं काम त्याआधीपासूनच चालू होतं, ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं. १९७० मध्ये इटली मलेरियामुक्त जाहीर झाली. जिथली हवा माणसं मारते असं मानत, तिथे आज अर्धा देश हवा खायला येतो.

जंगल संपलं की समुद्र, आणि तिथेच मला पहिला धक्का बसला. गुहागरच्या पुळणीवर वाढलेल्या माणसाला समुद्रापुढे पैसे मोजायची सवय नसते. इथे एकाच रंगाच्या छत्र्या ओळीने लावलेल्या, खाली आरामखुर्च्या, आणि पाण्याजवळची ओळ सगळ्यांत महाग. कायद्याने किनारा सरकारचा, छत्रीवाल्यांकडे तो भाडेपट्ट्याने. हे पट्टे लिलावाशिवाय वाढत गेले आणि बापाकडून मुलाकडे आले. २००६ च्या युरोपीय निर्देशाप्रमाणे लिलाव व्हायला हवेत. २०२१ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेही, २०२३ नंतर मुदतवाढ नाही, असं बजावलं. तरी सरकारने ती सप्टेंबर २०२७ पर्यंत नेली. त्याआधी, ९ ऑगस्ट २०२४ ला, याच पट्ट्यांवरून छत्रीवाल्यांनीच संप केला आणि सकाळी दोन तास छत्र्या उघडल्या नाहीत. तीन पिढ्या एकाच वाळूवर राबलेल्या घराची भीती मला समजते. पण ज्याच्या खिशात छत्रीचे पैसे नाहीत त्यालाही चांगला किनारा मिळायलाच हवा.

त्याच्यासाठी 'स्पियाज्जा लिबेरा' असते, मोफत किनारा. बऱ्याच गावांत तो कडेच्या तुकड्यावर उरतो. आणि असते 'बात्तिजा': लाटा जिथवर पोचतात ती ओली पट्टी. ती कोणालाच भाड्याने देता येत नाही. तिथवर जायची वाट छत्रीवाल्यालाही अडवता येत नाही. आम्ही रोज सकाळी त्या पट्टीवरून चाललो. आजोबा नातवाचा हात धरून, बायका घोळक्याने गप्पा मारत, सगळा गाव तिथेच असतो.

एकदा जेवणानंतर नवरा पाण्याकडे निघाला, तेव्हा आजीबाईंनी त्याला हाक मारून थांबवलं. पोटात अन्न असताना पाण्यात? दोन तास तरी जाऊ द्या! 'जेवून उठल्यावर आंघोळ करू नये' म्हणणारी माझी आजी मला तिथे, पाइनच्या सावलीत, दिसली. तो निमूटपणे परत येऊन बसला.

काल, फेरागोस्तोच्या दिवशी, सम्राट ऑगस्टसच्या नावाने चालत आलेल्या त्या सुट्टीला, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी सातला छत्र्या मिटल्या. आजीबाई ओल्या पट्टीवर येऊन आमच्याजवळ बसल्या. ओंजळीत पाइनच्या बिया होत्या. एकेक दगडाने फोडून आतला पांढरा गर त्या आमच्या तळहातावर ठेवत होत्या. बियांच्या कवचावरच्या पुडीने तिघांचीही बोटं काळी झाली. लाट आली तशी आम्ही ती तिच्यातच धुतली.