नोंद हुकली, दिवस हुकू नये

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेच्या शाखेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "या वेळी पगार कमी कसा जमा झाला?" बँकेजवळ या प्रश्नाचे उत्तर नसते. मालकाकडून आलेल्या वेतनयादीत जी रक्कम असेल, तीच खात्यावर जमा होते. ती यादी हजेरीपटावरून तयार झालेली असते. आणि आजकाल हजेरीपट तयार होतो तो दाराशेजारी बसविलेल्या यंत्रावर टेकलेल्या बोटावरून किंवा त्या यंत्राने टिपलेल्या चेहऱ्यावरून. म्हणजेच बोट टेकविण्याचा एक विसर थेट खातेपुस्तकापर्यंत पोहोचतो. तो पोहोचण्यापूर्वीच कर्मचाऱ्याला सावध करणारी व्यवस्था म्हणजे हुकलेल्या नोंदीची स्वयंचलित सूचना. दिसावयास लहान असलेल्या या सुविधेचा विचार ग्राहक, मालक आणि कर्मचारी या तिघांनीही करावा, असे तिचे महत्त्व आहे.

मस्टरपासून यंत्रापर्यंत

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावचे जवाहिरे विलार्ड बंडी यांनी १८८८ च्या सुमारास कामगाराच्या येण्याजाण्याची वेळ छापणारे यंत्र तयार केले. त्यातून उभ्या राहिलेल्या उद्योगाचा वारसा पुढे ज्या कंपनीत सामावला गेला, तिनेच १९२४ मध्ये इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स हे नाव धारण केले. हजेरीचे यंत्र आणि संगणक यांचे नाते असे जुने आहे.

आपल्याकडे मात्र गिरणीचा भोंगा आणि मस्टरवरील सही यांचेच राज्य दीर्घकाळ चालले. घड्याळ कोणाचे मानायचे, हाही तेव्हा वादाचा विषय होता. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' त्या शहराच्या नगरपालिकेने पुढे अनेक दशके जपली. पुढे चुंबकीय पट्टीची कार्डे आली, मग बोटांचे ठसे आले. केंद्र सरकारच्या कार्यालयांत २०१४ पासून आधारवर आधारित बायोमेट्रिक हजेरी सुरू झाली. कोविडच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये थांबविलेली ही पद्धत नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली.

मस्टरच्या काळात सही राहिली तर हजेरी कारकून हाक मारीत असे. "अहो, कालची सही राहिली आहे," एवढ्या एका वाक्यात प्रश्न मिटत असे. यंत्राने अचूकता आणली, परंतु ती हाक नाहीशी झाली. स्वयंचलित सूचना ही त्या हाकेची जागा घेते.

सूचना कशी तयार होते?

प्रत्येक कर्मचाऱ्याची पाळी, साप्ताहिक सुट्टी, मंजूर रजा आणि सवलतीची मिनिटे यांची माहिती प्रणालीत आधीच भरलेली असते. पाळी सुरू होऊन सवलतीची वेळ टळली आणि आगमनाची नोंद आढळली नाही, की पहिली सूचना निघते. पाळी संपून ठरावीक अवधी लोटला, तरी निर्गमनाची नोंद नसेल तर दुसरी. ही सूचना लघुसंदेशाने, ई-मेलने किंवा भ्रमणध्वनीवरील अॅपद्वारे जाते. प्रथम ती कर्मचाऱ्याला मिळते आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती न झाल्यास त्याच्या वरिष्ठाला.

हे जितके सोपे वाटते तितके नाही. रात्रपाळीचेच उदाहरण घ्या. रात्री १० वाजता आलेला रखवालदार सकाळी ६ वाजता बाहेर पडतो. प्रणाली मध्यरात्री दिवस बंद करीत असेल, तर तिला पहिल्या तारखेला 'आला पण गेला नाही' आणि दुसऱ्या तारखेला 'गेला पण आलाच नव्हता' असे दिसते. एका निर्दोष माणसाच्या नावावर दोन चुका! म्हणूनच नोंदींची जोडी तारखेनुसार न लावता पाळीनुसार लावावी लागते.

दुसरी अडचण यंत्राची. वीज गेली किंवा जाळ्याशी संपर्क तुटला, की नोंदी यंत्रातच साठून राहतात आणि उशिरा मध्यवर्ती संगणकात उतरतात. मधल्या काळात दोनशे कामगारांना एकाच वेळी 'आपली नोंद नाही' असा संदेश गेला, तर गोंधळ ठरलेलाच. यंत्राचा शेवटचा संपर्क केव्हा झाला हे तपासूनच सूचना पाठविणारी प्रणाली अधिक शहाणी म्हणावी लागेल. कष्टाच्या कामाने बोटांचे ठसे झिजलेल्या कामगारांसाठी चेहरा, बुबुळ किंवा सांकेतिक क्रमांक असा पर्याय हवाच.

एका नोंदीची किंमत

महिन्याला १८,२०० रुपये वेतन आणि २६ कामाचे दिवस असे धरले, तर एका दिवसाचे वेतन ७०० रुपये होते. दोन दिवस परतताना नोंद राहिली आणि ते दिवस गैरहजेरीत धरले गेले, तर खात्यावर १,४०० रुपये कमी जमा होतात. ही रक्कम मोठी वाटणार नाही. परंतु ज्या खात्यातून दुचाकीच्या कर्जाचा हप्ता नेमक्या तारखेला आपोआप वळता होतो, तेथे शिल्लक शंभर रुपयांनी कमी पडली तरी हप्ता परत जातो. त्यावर शुल्क लागते, कर्ज देणाऱ्या संस्थेचा दंड लागू शकतो आणि पतविषयक नोंदीवर डाग पडतो तो निराळाच. पुढच्या महिन्यात मालकाने फरक दिला, तरी हा डाग सहजासहजी पुसला जात नाही.

येथे कायद्याची भूमिका ध्यानात घेण्याजोगी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ नुसार मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावयाचे असते आणि गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या काळाच्या प्रमाणातच करता येते. ही कपात कामावर नसल्याबद्दल आहे, यंत्रावर बोट न टेकल्याबद्दल नाही. नोंद नसणे हा गैरहजेरीचा संशय असू शकतो, पुरावा नव्हे. जादा कामाचे वेतन दुप्पट दराने देय असल्याने, निर्गमनाची अचूक नोंद कामगाराच्याही तितक्याच हिताची आहे.

रोजगार हमीचा धडा

सूचना आणि दुरुस्ती यांची सोय नसेल तर काय घडते, याचा अनुभव देशाने ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर घेतला आहे. १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्वत्र मजुरांची हजेरी एनएमएमएस या अॅपवर, दिवसातून दोन छायाचित्रांसह नोंदविणे बंधनकारक करण्यात आले. बनावट हजेरीला आळा घालणे हा त्यामागचा हेतू योग्यच होता. परंतु डोंगराळ आणि दुर्गम भागांत जाळे मिळेना, छायाचित्र चढेना आणि दिवसभर माती उपसूनही मजुरी बुडाल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर मजुरांनी आंदोलन सुरू केले, त्यात हाही एक मुद्दा होता. नोंद घेणाऱ्या यंत्राइतकेच महत्त्व नोंद हुकल्यावर उघडणाऱ्या दाराला आहे, हे यातून शिकावयाचे.

सूचनेबरोबर अधिकारही हवा

बँकिंग क्षेत्राने हे तत्त्व आधीच अंगीकारले आहे. खात्यातील व्यवहाराचा संदेश आपल्याला मिळतो, तो केवळ माहितीसाठी नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले, की बँकेची वा ग्राहकाची चूक नसून अन्यत्र दोष असलेला अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार, त्याची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळविला, तर त्याचे दायित्व शून्य राहील. संदेश, मुदत आणि निवारण अशी ही साखळी आहे. हजेरीच्या सूचनेलाही हीच साखळी जोडली पाहिजे. संदेशातच तारीख, पाळी, कोणती नोंद नाही, दुरुस्तीचा अर्ज कोठे आणि कोणत्या दिवसापर्यंत करावयाचा, हे स्पष्ट असावे. तो त्या माणसाच्या भाषेत असावा. चेन्नईच्या कारखान्यातील बिहारी कामगाराला इंग्रजी संदेश पाठवून कर्तव्य पार पडत नाही. वेतनयादी बँकेकडे पाठविण्यापूर्वी किमान दोन-तीन दिवस दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत. केलेली प्रत्येक दुरुस्ती कोणी व का मंजूर केली, याची नोंदही राहावी, म्हणजे या सोयीचा गैरवापर टळेल.

कर्मचाऱ्यांनी मात्र एक सावधगिरी बाळगावी. 'आपली हजेरी नोंदलेली नाही, वेतन थांबेल, त्वरित या दुव्यावर जा' अशा मजकुराचे बनावट संदेशही येऊ शकतात. हजेरीच्या दुरुस्तीसाठी खाते क्रमांक, पिन किंवा ओटीपी यांची कधीही आवश्यकता नसते. शंका आल्यास संदेशातील दुवा न उघडता कार्यालयाच्या नेहमीच्या प्रणालीतूनच खात्री करावी. मालकांनीही ठसे आणि चेहरे ही कर्मचाऱ्यांची ठेव आहे असे समजावे. बदललेला पासवर्ड नवा घेता येतो, बोटाचा ठसा नाही.

बँकेत विश्वस्तबुद्धीने दुसऱ्याचा पैसा सांभाळावा लागतो. हजेरी सांभाळणारा दुसऱ्याचा दिवस सांभाळत असतो. ज्याने तो दिवस घाम गाळून पूर्ण केला, त्याच्या पासबुकात तो पूर्ण उतरावा, यासाठी वेळेवर गेलेला एक दोन ओळींचा संदेश पुरेसा ठरतो. आपल्या आस्थापनेत ही व्यवस्था आहे का, आणि असल्यास दुरुस्तीची मुदत किती, एवढी चौकशी वाचकांनी या महिन्याची वेतनयादी तयार होण्यापूर्वी अवश्य करावी.